कुणावर मोजलं, कसं मोजलं

सातवा महिना लागला की घरातलं कुणीतरी बजावतंच, ‘डाव्या कुशीवरच झोप हं.’ सासूबाई सांगतात, आशाताई सांगतात, मोबाइलवरचे व्हिडिओही सांगतात. मग एखाद्या रात्री तीन वाजता जाग येते, आपण पाठीवर झोपलोय हे लक्षात येतं आणि धस्स होतं. शेजारचा माणूस गाढ झोपेत. हातात फोन. आणि एकच प्रश्न: बाळाला काही झालं नसेल ना?

या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे. २०१९ मध्ये पाच अभ्यासांतली एकेका बाईची माहिती एकत्र करून नव्याने मोजदाद झाली. २८ आठवडे उलटल्यावर ज्यांचं बाळ पोटातच दगावलं अशा ८५१ जणी आणि ज्यांची गर्भावस्था सुखरूप चालू होती अशा २२५७ जणी. झोपी जाताना पाठीवर असणाऱ्यांमध्ये हा धोका अडीचपटीहून थोडा जास्त दिसला. डावी कूस आणि उजवी कूस यांत मात्र फरक आढळला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आठ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात झोपण्याविषयीचे प्रश्न बाळंतपणाच्या कितीतरी आधीच विचारलेले होते, आणि ३० आठवड्यांपर्यंतच्या झोपण्याचा असा काही संबंध दिसला नाही. म्हणून ब्रिटनची एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा आपल्या संकेतस्थळावर सांगते ते इतकंच: २८ आठवड्यांनंतर कुठल्याही एका कुशीवर झोपी जा, मध्येच पाठीवर जाग आली तर घाबरू नका, कूस बदला आणि पुन्हा झोपा.

घरातला सल्ला निम्मा बरोबर होता. पण उरलेल्या निम्म्यामुळे उजव्या कुशीवर जाग आलेली बाईही रडकुंडीला येते. मला या उत्तरात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कितव्या आठवड्यानंतर, किती जणींवर, प्रश्न बाळ गेल्यावर विचारला की आधी, हे सगळं त्यात आहे. बाळ गेलेल्या आईची आठवण वेगळी असते, ती स्वतःला दोष देत मागचं आठवते, ही त्या पाच अभ्यासांतली उणीवही अभ्यासकांनी लपवलेली नाही. बाळंतपणाविषयी फोनवर मिळणारी माहिती भरवशाची आहे का, हे बघायला मला अजून तरी यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही: कुणावर मोजलं आणि कसं मोजलं, हे ती सांगते का?

मोजायची ही सवय बाळंतपणाच्या शास्त्राला फार उशिरा लागली. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७९ मध्ये वैद्यकाच्या शाखांना जणू गुणपत्रिका दिली. चाचणीचा आधार घेऊन उपचार करण्यात सर्वांत मागे प्रसूतिशास्त्र आहे, असं लिहून शेवटच्या क्रमांकाला त्यांच्याकडे देतात तो लाकडी चमचा त्यांनी या शाखेला देऊन टाकला. त्यांचा राग समजून घ्यायचा तर डीईएस या औषधाची गोष्ट ठाऊक हवी. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे त्याचं लांबलचक नाव. गर्भपात टळावा म्हणून हे कृत्रिम संप्रेरक अमेरिकेत १९४० च्या दशकापासून गरोदर स्त्रियांना दिलं जाई. १९५३ मध्ये शिकागोत सोळाशेच्या वर स्त्रियांवर नीट चाचणी झाली. निम्म्या जणींना औषध, निम्म्या जणींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. फायदा काहीच दिसला नाही. तरीही डॉक्टर ते लिहून देत राहिले. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांना काही तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा अत्यंत दुर्मीळ कर्करोग आढळला. आठपैकी सात जणींच्या आयांनी त्या मुली पोटात असताना डीईएस घेतलं होतं. चाचणी झाली होती, उत्तर मिळालं होतं, छापूनही आलं होतं. अठरा वर्षं ते उत्तर ज्यांना हवं होतं त्यांच्यापर्यंत गेलं नाही. ही गोष्ट मला आजच्या इंटरनेटपेक्षा फारशी जुनी वाटत नाही.

कॉक्रन यांचं बोलणं इयान चाल्मर्स या तरुण प्रसूतितज्ज्ञाने मनावर घेतलं. ऑक्सफर्डला बसून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणाच्या काळजीविषयी जगभर झालेल्या चाचण्या धुंडाळल्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत तशा, म्हणजे कुणाला कुठला उपचार मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडलेल्या. १९८९ मध्ये चाल्मर्स, मरे एन्किन आणि मार्क कीर्स यांनी त्या सगळ्यांची मोजदाद दोन जाड खंडांत मांडली. त्या खंडांची प्रस्तावना कॉक्रन यांची होती आणि तिच्यात त्यांनी लाकडी चमचा परत घेतला. खंड छापून आले तेव्हा ते हयात नव्हते. १९९३ मध्ये त्यांच्याच नावाने कॉक्रन ही संस्था उभी राहिली. आज वैद्यकाच्या सर्वच शाखांचे आढावे ती काढते, पण तिचा पाया बाळंतिणींनी आणि बाळांनी घातला आहे.

त्या संस्थेच्या मूळ बोधचिन्हात एका वर्तुळात काही आडव्या रेघा आहेत. एकेक रेघ म्हणजे वेळेआधी जन्मणाऱ्या बाळांसाठीच्या एका इंजेक्शनाची एकेक चाचणी. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर काम करत असताना त्यांच्या लक्षात आलं, की स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मूनही श्वास घेतंय, त्याची फुप्फुसं थोडी उघडलेली आहेत. मग त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी वेळेआधी कळा सुरू झालेल्या २८२ मातांवर स्टेरॉइडच्या इंजेक्शनाची चाचणी केली. १९७२ मध्ये निकाल आला. इंजेक्शन न मिळालेल्या मातांच्या बाळांपैकी जवळजवळ २६ टक्के बाळांना श्वासाचा गंभीर त्रास झाला, इंजेक्शन मिळालेल्यांत ९ टक्क्यांना. पुढे आणखी चाचण्या झाल्या. काही लहान होत्या, काहींचा कौल स्पष्ट नव्हता. सगळ्या एकत्र मांडल्या तेव्हा कौल स्पष्ट दिसला. पण त्या एकत्र मांडायला १९८९ उजाडलं, आणि मधल्या वर्षांत एका स्वस्त इंजेक्शनाअभावी हजारो अपुऱ्या दिवसांची बाळं गेली. बोधचिन्हातल्या रेघा त्या उशिराची आठवण आहेत.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथे संपवली जाते. आपल्याला तिचा पुढचा भाग जास्त जवळचा आहे, कारण तो नागपूर आणि बेळगावमध्येही घडला. श्रीमंत देशांत सिद्ध झालेलं इंजेक्शन गरीब देशांतल्या गावोगावी पोचवलं तर किती बाळं वाचतील, हे बघायला सहा देशांत मोठी चाचणी झाली. भारतात नागपूर आणि बेळगाव ही तिची दोन केंद्रं होती. जवळजवळ एक लाख जन्मांची नोंद झाली. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला आणि सगळ्यांना धक्का बसला. खूप लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नव्हते. सगळी बाळं मिळून पाहिली तर मृत्यू थोडे वाढले होते. आयांमध्ये जंतुसंसर्गही जास्त दिसला. कितवा आठवडा चालू आहे हे अनेकींच्या बाबतीत नेमकं ठाऊक नव्हतं, त्यामुळे इंजेक्शन घेतलेल्या बऱ्याच जणी पूर्ण दिवसांच्याच निघाल्या. आणि ऑकलंडच्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला जी काळजी मिळत होती ती प्राथमिक केंद्रात कुठून येणार?

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी घेतली. या वेळी भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया इथल्या २९ रुग्णालयांत, आठवडे सोनोग्राफीने ठरवून. २०२० मध्ये उत्तर आलं: अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर उतरलं. इंजेक्शन तेच. दिवसांचा अंदाज पक्का, आईला संसर्ग नाही आणि बाळाची काळजी घेणारा विभाग हाताशी, या तीन अटी पाळल्यावर ते वाचवतं. ‘स्टेरॉइडने बाळ वाचतं’ आणि ‘स्टेरॉइडने बाळाला धोका’ ही दोन्ही वाक्यं आज फोनवर सापडतील. दोन्हींच्या मागे खरी चाचणी आहे. वाचणारीच्या हाती मात्र अटींशिवायचं एखादं वाक्य पडतं.

आपल्याकडे याहून रोजचं उदाहरण म्हणजे गर्भ ‘टिकण्याची’ इंजेक्शनं. दिवस गेल्याचं कळताच प्रोजेस्टेरॉन सुरू झालं नाही अशी मैत्रीण शहरात शोधावी लागते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार गर्भपात झालेल्या ८३६ स्त्रियांपैकी प्रोजेस्टेरॉन मिळालेल्या ६५.८ टक्के जणींना मूल झालं, न मिळालेल्या ६३.३ टक्के जणींना. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतका लहान आहे. २०१९ ची दुसरी चाचणी सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव झालेल्या चार हजारांहून जास्त स्त्रियांवर होती. तिथे आकडे ७५ आणि ७२ असे आले, एकूण बघता फरक ठाम म्हणता येईना. पण आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या आणि आता रक्तस्राव होत असलेल्या जणी वेगळ्या काढल्या, तेव्हा ७२ विरुद्ध ५७. यावरून ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये शिफारस केली ती फक्त रक्तस्राव होतोय आणि आधी गर्भपातही झालाय अशांसाठी. दोन्ही चाचण्यांत औषध योनिमार्गाने ठेवायचं होतं, इंजेक्शन नव्हतं. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांना सरसकट द्यायला या चाचण्यांत आधार नाही.

एवढं कळल्यावर डॉक्टरांशी भांडावं असं मी म्हणत नाही. ‘माझ्या बाबतीत हे कशासाठी?’ एवढं विचारता यावं. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात आणि ते कुठल्याही इंजेक्शनने थांबत नाहीत. हे वेळेवर कळलं तर ‘मी जिना चढले म्हणून झालं’ असं आयुष्यभर मनात घेऊन जगणाऱ्या किती जणी मोकळ्या होतील.

खाण्यापिण्याच्या बाबतीत परदेशी संकेतस्थळं फार उपयोगी पडत नाहीत. त्यांच्यात पाश्चराइझ न केलेल्या दुधाचं चीज आणि कच्चे शिंपले असतात, आपल्या डोक्यात पपई. पपईबद्दल २००२ मध्ये उंदरांवर झालेला एक प्रयोग आहे. पिकलेल्या पपईने गाभण माद्यांना काही झालं नाही, कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशयाच्या स्नायूंना पीळ पडले. माणसावर कुणी अशी चाचणी घेतलेली नाही आणि घेणारही नाही. तेव्हा कच्ची टाळावी हे शहाणपणाचं, आणि पिकल्या पपईची फोड खाल्ली म्हणून दोन रात्री जागून काढायचं कारण नाही. एवढंच पुराव्यातून निघतं, जास्त नाही.

पण आहाराबाबत आपल्या मातीतलं काम जगाच्या तोडीचं आहे, हे आपल्यालाच ठाऊक नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः थोडी मोठी होती. याच कामातून कळलं, की आपली बाळं वजनाने हलकी असूनही त्यांच्या अंगावर चरबीचं प्रमाण जास्त असतं. आणि त्या आयांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून सहा हजारांवर स्त्रियांवर चाचणी झाली. दिवस राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ, एका गटाला पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला, दुसऱ्याला बटाटा-कांद्याचा. बाळांच्या वजनात एकंदरीत मोठा फरक पडला नाही. गरोदरपणातला मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के जणींनाच झाला. अपेक्षित ते न मिळाल्याचंही अभ्यासकांनी तितक्याच सरळपणे छापलं, म्हणून दुसऱ्या आकड्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

गडचिरोलीबद्दल वेगळं सांगायला नको, तरी आकडा सांगायला हवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये लॅन्सेटने ते छापलं. बाळंतपणानंतर आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन आणि ताप बघतात, त्या सरकारी कार्यक्रमाचं मूळ इथे आहे.

मग इतकं सगळं असताना मराठीत शोधल्यावर मिळतं काय? ‘नववा महिना तूप’, ‘गोरं बाळ केशर’, ‘पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी’. शेवटचं तर नुसतं खोटं नाही, त्याच्या वाटेवर गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ चा. इंटरनेट आलं तशा जाहिरातीही तिथे गेल्या. डॉ. साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जाहिरातींची तक्रार आल्यापासून ३६ तासांत त्या काढायला लावल्या. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी काही शब्द आपोआप अडवण्याची तयारी दाखवली. मराठी बोलीतले आडवळणाचे शब्द कोण अडवणार?

इंग्रजी थोडंफार येणाऱ्यांसाठी वाट आहे. कॉक्रनच्या प्रत्येक आढाव्याचा सोप्या भाषेतला सारांश कुणालाही फुकट वाचता येतो. रोजच्या शंकांना एनएचएसचं संकेतस्थळ, गरोदरपणातल्या औषधांसाठी ब्रिटनचं ‘बंप्स’, अंगावर पाजताना गोळी घ्यावी का यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचं ‘लॅक्टमेड’. आपल्या प्रसूतितज्ज्ञांची ‘फॉग्सी’ ही मुंबईची संघटनाही शिफारशी प्रसिद्ध करते, पण त्या डॉक्टरांच्या भाषेत. घरच्या कपाटात असतं ते माता व बालकाचं सरकारी कार्ड. लसी, लोहाच्या गोळ्या, धोक्याच्या खुणा, सगळं त्यात चित्रांसह आहे. मी पाहिलेल्या बहुतेक कार्डांवर दवाखान्याचे शिक्केच तेवढे भरलेले असतात, उरलेली पानं कुणी उघडलेली दिसत नाहीत.

आणि फोनवर वाचणं हा मुळी सगळ्याजणींचा मार्ग नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३३ टक्के स्त्रियांनीच कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. त्यांच्यासाठी सरकारची ‘किलकारी’ सेवा आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोन येतो आणि त्या-त्या आठवड्याची माहिती ऐकू येते. २०२४ पासून ती महाराष्ट्रातही सुरू झाली. मध्य प्रदेशात तिचीच चाचणी झाली तेव्हा गर्भनिरोधक वापरणाऱ्यांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, निव्वळ अंगावरच्या दुधाच्या बाबतीत फरक दिसला नाही. घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर संदेश कुणी ऐकला, हा प्रश्न उरतोच.

पुरावाही तपासून घ्यावा लागतो, हे गेल्या काही वर्षांत कळून चुकलंय. प्रसूतिशास्त्रातल्या काही छापील चाचण्या झाल्याच नव्हत्या, आकडे बसून लिहिलेले होते, असे संशय बळावल्यावर कॉक्रनच्या गर्भावस्था व प्रसूती गटाने चाचण्या पारखून मगच आढाव्यात घेण्याची पद्धत बसवली. कॉक्रनचा तो सर्वांत पहिला गट, लिव्हरपूलचा. २०२३ मध्ये ब्रिटनचा सरकारी निधी थांबला आणि तो बंद झाला. आज फोनला प्रश्न विचारला की यंत्र क्षणात नीटनेटकं उत्तर जुळवून देतं, पण ते कशावरून जुळवलं याचा पत्ता लागेलच असं नाही. अशा वेळी पारखणारी माणसं घरी पाठवली गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

सिझरच्या प्रश्नात तर कुठलाच शोध पुरा पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के. बायकांची शरीरं दवाखान्याच्या पाटीनुसार बदलत नाहीत. सरकारी दवाखान्यातून अवघड केस पुढे पाठवतात हे खरं, खासगीत जाणाऱ्यांचं वय थोडं जास्त असतं हेही खरं, पण तिपटीहून जास्त फरक तेवढ्याने पडत नाही. ‘गळ्यात नाळेचा वेढा आहे’ हे ऐकून किती घरांनी घाईघाईत सही केली असेल. दर तीन ते पाच जन्मांमध्ये एका बाळाच्या गळ्यात वेढा सापडतो आणि बहुतेकदा जन्माच्या वेळी तो अलगद सोडवता येतो. बाळाचे ठोके नीट असतील तर निव्वळ वेढा हे सिझरचं कारण ठरत नाही. ठोके बिघडले असतील तर एक मिनिटही घालवू नये. दोन्हींतला फरक विचारायला त्या क्षणी बाळंतिणीला त्राण नसतं.

तिच्यासाठी विचारणारं कुणीतरी शेजारी हवं. नेमक्या याच गोष्टीला भक्कम आधार आहे. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत सोबतीला कुणी असण्याबद्दलच्या कॉक्रन आढाव्यात २६ चाचण्यांतल्या १५,८५८ स्त्रिया आहेत. सोबत मिळालेल्यांत सिझर कमी झाली, कळांचा काळ थोडा आटपला, बाळंतपणाचा अनुभव वाईट गेला असं म्हणणाऱ्याही कमी निघाल्या. औषध नाही, यंत्र नाही, खर्चही नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत जन्मसोबतिणीला आत घेण्याच्या सूचना काढल्या. तरी अनेक ठिकाणी आई, मावशी, नणंद बाहेरच्या बाकावर पिशवी घेऊन बसलेल्या असतात. आठव्या महिन्याच्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारून ठेवावं: कळा सुरू झाल्यावर माझ्या आईला आत थांबू द्याल ना?